नवी चेतक जुनीसारखी का दिसते?

आमच्या महाविद्यालयाच्या सायकल-स्टँडमध्ये मी माझी नवी, विजेवर चालणारी चेतक स्कूटर पहिल्यांदा उभी केली, तेव्हा बारावीच्या वर्गातला एक मुलगा तिच्याभोवती फेरी मारून आला आणि म्हणाला, "सर, हिला इंजिन नाही, किक नाही, गिअर नाहीत, धूरसुद्धा नाही. मग हिला चेतक का म्हणायचे?"

तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि माझी सुटका झाली. परंतु प्रश्न चांगला होता, आणि माझ्यापुरता तो जरा अडचणीचाही होता. कारण आमच्या घरी जिन्याखाली आणखी एक चेतक उभी आहे. ती माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, १९८८ साली घेतली. लाखाहून अधिक रुपये मोजून मी नवी गाडी आणली, ती यंत्र म्हणून चांगली आहे म्हणून, की जुनीसारखी दिसते म्हणून? पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला एवढे तरी सांगता यायला हवे. तुमच्याही घरात आज ना उद्या अशी खरेदी निघेल. तेव्हा कागद-पेन्सिल घ्या, आपण मिळूनच ही तपासणी करू या.

आधी थोडा इतिहास पाहू. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, इटलीतील पिआज्जो या कंपनीने 'व्हेस्पा' नावाची स्कूटर बाजारात आणली. तिचा आराखडा कोर्रादिनो द'अस्कानिओ या अभियंत्याचा होता. हा गृहस्थ विमाने आणि हेलिकॉप्टर यांवर काम केलेला होता. आपल्याकडे बजाज कंपनीने १९६० साली पिआज्जोशी करार करून व्हेस्पा बनवायला सुरुवात केली. तो करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली त्याच जातीची स्कूटर 'चेतक' या नावाने रस्त्यावर आली. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे हे नाव. ही गाडी मिळवण्यासाठी लोक नाव नोंदवून दहा-दहा वर्षे वाट पाहत, हे तुम्हाला आज खरे वाटणार नाही. आजोबांना विचारून पाहा.

१९८५ साली बजाजचा कारखाना आमच्या औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजला सुरू झाला आणि या गावाचे रूपच पालटले. नोकरीसाठी आसपासच्या खेड्यांतून माणसे आली, नव्या वसाहती उठल्या. पाळी बदलण्याच्या वेळी वाळूजच्या रस्त्यावर दुचाक्यांची रांग लागते, ती अजूनही लागते. स्कूटर मात्र मध्यंतरी मागे पडली. लोकांना मोटरसायकली आणि बिनगिअरच्या गाड्या आवडू लागल्या. चेतक बंद झाली आणि २००९ च्या डिसेंबरात कंपनीने स्कूटर बनवणेच थांबवण्याचे जाहीर केले. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, चेतक हे नाव पुन्हा आले, पण विजेच्या गाडीला. २०२२ पासून ती पुण्याजवळ आकुर्डीला, जुनी चेतक जिथे बनत असे त्याच ठिकाणी बनू लागली.

जुन्या लाडक्या वाहनाला नव्याने जन्म देण्याचा हा प्रकार जगात इतरत्र आधीच झाला होता. जर्मनीच्या फोक्सवॅगनने १९९८ साली 'बीटल' ही गोलमटोल गाडी नव्याने काढली. २००१ साली 'मिनी' आली आणि २००७ साली इटलीची चिमुकली 'फियाट ५००'. यांपैकी फियाट २००८ साली आणि बीटल २००९ च्या अखेरीस भारतातही विकायला आल्या. या मोटारींकडे पाहिले तर एक मजेदार गोष्ट ध्यानात येते. जुन्या बीटलचे इंजिन मागे होते आणि ते हवेने थंड होत असे. पुढच्या गोल टोपणाखाली सामान ठेवायची जागा होती. नव्या बीटलचे इंजिन पुढे आणि पाण्याने थंड होणारे. फियाटचेही तसेच, जुन्या १९५७ च्या गाडीत ४७९ घन सेंटिमीटरचे इवलेसे इंजिन मागे, नव्या गाडीत इंजिन पुढे. मिनीचे तर नावच लहानपणाचे, पण १९५९ ची मिनी सुमारे ३.०५ मीटर लांब होती आणि २००१ ची ३.६ मीटरच्या वर गेली. सांगायचे काय, तर तिन्ही ठिकाणी बाहेरचा आकार परत आला, पण बीटल आणि फियाटमध्ये आतली रचना आली नाही.

चेतकच्या बाबतीतही असेच झाले आहे का? प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारू या : हा भाग पूर्वी काय काम करीत होता, आणि आता काय करतो?

प्रथम मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंचे ते फुगीर पत्रे पाहा. स्कूटर म्हटले की डोळ्यांपुढे येतात ते हेच. जुन्या चेतकमध्ये उजव्या फुगवट्याखाली इंजिन होते. डाव्या फुगवट्यात डिकी असे. म्हणजे उजवीकडे इंजिनामुळे जो आकार आला, त्याला जोड म्हणून डावीकडेही तसाच आकार दिला आणि त्या पोकळीचा सामानासाठी उपयोग केला. इंजिन एका बाजूला असल्याने गाडीचा गुरुत्वमध्य मधल्या रेषेवर नसून किंचित उजवीकडे असे. किती, याचा हिशेब करू. समजा इंजिन आणि त्याला जोडलेले भाग मिळून २५ किलोग्रॅम आहेत आणि त्यांचा गुरुत्वमध्य मधल्या रेषेपासून १२ सेंटिमीटर उजवीकडे आहे. गाडी आणि चालक मिळून १७० किलोग्रॅम धरा. तर सर्वांचा मिळून गुरुत्वमध्य २५ × १२ ÷ १७०, म्हणजे सुमारे १.८ सेंटिमीटर उजवीकडे सरकेल. तो जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर तोल साधण्यासाठी गाडी सव्वा-दीड अंशाने डावीकडे कलती ठेवावी लागेल, किंवा चालकाला अंग तेवढे डावीकडे घ्यावे लागेल. जुने चेतकवाले हे न शिकता करीत असत. आठवीत असताना मी नानांच्या नकळत गाडी बाहेर काढली आणि घराच्या कोपऱ्यावरच उजव्या अंगावर पडलो, त्या वेळी मला हा हिशेब येत नव्हता. दोष अर्थात गुरुत्वमध्याचा नव्हे, माझाच होता.

नव्या चेतकमध्ये उजव्या पत्र्याखाली इंजिन नाही. फुगवटे आहेत, पण ते आता आठवणीपुरते. जीवशास्त्राच्या पुस्तकात तुम्ही अवशेषांगांविषयी वाचले असेल, माणसाचे माकडहाड ज्यात मोडते ती अंगे. हे फुगवटे म्हणजे स्कूटरचे माकडहाड होय.

मात्र सगळेच असे नाही. द'अस्कानिओच्या आराखड्यातील खरी करामत आकारात नव्हती. त्याने इंजिन, गिअर आणि मागचे चाक यांचा एकच गठ्ठा केला. मोटरसायकलला असते तशी साखळी मध्ये नाही. दातेचाकांतून शक्ती थेट चाकाला. पुढचे चाक त्याने विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूच्या भुजेवर बसवले, म्हणून टायर पंक्चर झाले की पाच नट काढले, मागची स्टेपनी लावली, की गाडी पुन्हा चालू. इंजिन मागे गेल्यामुळे पायांपुढची जागा सपाट आणि मोकळी राहिली. आता गंमत पाहा. २०२० साली आलेल्या विजेच्या चेतकमध्ये मोटर मागच्या झुलत्या भुजेवरच बसवली होती आणि ती दातेचाकांमार्फत चाक फिरवत होती. मध्ये साखळी नाही, पट्टाही नाही. पुढचे चाकही एकाच बाजूने धरलेले. म्हणजे जे सहज दिसत नाही तिथे ही गाडी आपल्या आजीवर गेली आहे, आणि जे ठळक दिसते ते निव्वळ वेषांतर आहे! बीटल आणि फियाटच्या बाबतीत असे झाले नव्हते, म्हणून मला हे विशेष वाटते.

पायांपुढच्या त्या सपाट पाटीवर मी लहानपणी हँडल धरून उभा राहत असे. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी गाव पाहिले ते तिथून. डिसेंबर २०२४ मध्ये चेतकची जी नवी मालिका आली, तिच्यात बॅटरी याच पाटीखाली ठेवली आहे. गाडीतील एक फार जड वस्तू सर्वांत खाली आणि मधोमध गेली. गुरुत्वमध्य खाली आला की कमी वेगात, वळणावर आणि स्टँडवर चढवताना गाडी सांभाळणे सोपे जाते. आसनाखालची जागा मोकळी झाली, ती ३५ लिटरची डिकी म्हणून मिळाली. जुनी मोकळी जागा नव्या कामाला लावण्याचे हे उदाहरण मला फुगवट्यांपेक्षा कितीतरी अधिक आवडते.

आता पत्र्याकडे वळू. बाजारातील बहुतेक स्कूटरांचे अंग प्लॅस्टिकचे असते. चेतकचे पोलादी पत्र्याचे आहे, ही तिची मोठी जाहिरात आहे. तुमच्या कंपासपेटीत लहानसा चुंबक असेल तर रस्त्यावर उभ्या असलेल्या चार स्कूटरांना, मालकांची परवानगी घेऊन, तो लावून पाहा. कुठे चिकटतो, कुठे नाही, याची नोंद करा. टिचकी मारली तर आवाजही वेगळा येईल. जुन्या चेतकमध्ये पत्रा हे नुसते आवरण नव्हते. वेगळी नळ्यांची चौकट नसून पत्र्याचाच सांगाडा सगळा भार उचलत असे. अंड्याचे कवच पातळ असूनही बरेच वजन सहन करते, ते त्याच्या वक्राकारामुळे. पत्र्यालाही वळण आणि घड्या दिल्या की तो ताठ होतो. एक कागद सपाट धरून त्यावर रबर ठेवा, आणि मग तोच कागद पन्हाळीसारखा वळवून ठेवा, म्हणजे हे लगेच पटेल. तेव्हा जुन्या चेतकच्या गोलाईत केवळ सौंदर्य नव्हते, बळकटी होती. ती गोलाई नव्या गाडीने घेतली.

रूपाविषयी इतके पुरे. लाख रुपयांचा प्रश्न ऊर्जेचा आहे, आणि इथे आपल्याला डोळ्यांवर भरवसा ठेवून चालणार नाही.

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या स्कूटरला दोनच गोष्टी अडवतात : टायरचे रस्त्याशी होणारे लोटण-घर्षण आणि हवेचा रोध. गाडी १३० आणि चालक ७०, असे २०० किलोग्रॅम वस्तुमान धरा. लोटण-घर्षण वजनाच्या सुमारे दीड टक्का असते, म्हणजे २०० × ९.८ × ०.०१५, जवळजवळ २९ न्यूटन. हे वेग वाढला तरी फारसे बदलत नाही. हवेचे तसे नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताठ बसलेल्या चालकासह स्कूटरला ताशी ४० किलोमीटर वेगाला तो सुमारे ५२ न्यूटन येतो, आणि ताशी ६० ला सुमारे ११७ न्यूटन. म्हणजे एकूण अडथळा ४० ला ८१ न्यूटन आणि ६० ला १४६ न्यूटन. वेग दीडपट झाला, बल जवळजवळ पावणेदोनपट झाले.

एक किलोमीटर जाण्यासाठी करावे लागणारे कार्य म्हणजे बल गुणिले १,००० मीटर. ताशी ४० ला ते ८१,००० जूल भरते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. तेव्हा किलोमीटरला ०.०२२५ युनिट. ताशी ६० ला ०.०४०५ युनिट. बॅटरी २.९ युनिटांची आहे आणि तिच्यातील ८५ टक्के ऊर्जा चाकापर्यंत पोहोचते असे समजा. भागाकार केलात तर ४० च्या वेगाने सुमारे ११० किलोमीटर आणि ६० च्या वेगाने सुमारे ६० किलोमीटर असे उत्तर येईल. कंपनीने या बॅटरीच्या गाडीसाठी प्रमाणित चाचणीतला ११३ किलोमीटरचा आकडा दिला होता. तो खोटा नाही. पण तो प्रयोगशाळेतील सौम्य चालीचा आहे. माझ्या वापरात, जालना रोडचे सिग्नल, क्रांती चौकातली गर्दी आणि अधूनमधून माझी घाई धरून, ८५ ते ९० किलोमीटर मिळतात. गाडी विकत घेताना "एका चार्जिंगमध्ये किती जाते?" असे विचारू नका. "किती वेगाला किती जाते?" असे विचारा. विकणारा थोडा गोंधळेल, हरकत नाही.

चढाचाही हिशेब करून टाकू, कारण पहिल्या आठवड्यात मला सर्वांनी हाच प्रश्न विचारला : "दौलताबादचा घाट चढते का?" समजा वेरूळला जाताना दोघे जण गाडीवर आहेत, एकूण २५० किलोग्रॅम, आणि गावापासून खुलताबादपर्यंत २५० मीटर चढायचे आहे. त्यासाठी लागणारी ऊर्जा २५० × ९.८ × २५०, म्हणजे सुमारे ६.१ लाख जूल, अर्थात ०.१७ युनिट. सपाटीवरच्या सात-आठ किलोमीटरच्या खर्चाएवढा हा खर्च. शक्तीचे म्हणाल तर बारास एक अशा चढावर ताशी ३० किलोमीटरने जायला सव्वादोन किलोवॅटच्या आसपास लागतात, आणि या मोटरची क्षमता ३.८ किलोवॅट आहे. तेव्हा चढते. जुनी चेतकही चढत असे, पण तिला दुसऱ्या गिअरवर घ्यावी लागे.

गिअरचे नाव निघाले म्हणून सांगतो. पेट्रोल इंजिन थांबलेल्या अवस्थेतून भार ओढू शकत नाही. ते आधी फिरते ठेवावे लागते, आणि ठराविक फेऱ्यांच्या टापूतच त्याचा पीळ चांगला मिळतो. क्लच आणि चार गिअर ही सारी यातायात त्यासाठी. विजेच्या मोटरचा पीळ शून्य वेगापासूनच पुरेपूर असतो. म्हणून गिअर गेले. माझ्या डाव्या मनगटाला अजून ते पटलेले नाही. सिग्नलला थांबताना ते मूठ फिरवू पाहते.

आता जुन्या गाडीचा खर्च. एक लिटर पेट्रोलमध्ये विजेच्या हिशेबात सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. जुनी चेतक लिटरला ४५ किलोमीटर जाते असे धरले तर किलोमीटरला ०.२० युनिट. चाकाला प्रत्यक्षात किती लागत होते? ०.०२२५. म्हणजे नऊ भाग ऊर्जा टाकीत भरायची, त्यातला एक भाग गाडी ढकलायला आणि उरलेले आठ भाग इंजिन, धुराडे आणि रस्त्यावरची हवा तापवायला! नव्या गाडीला भिंतीतल्या सॉकेटपासून मोजले, बॅटरी भरतानाची गळती धरली, तरी किलोमीटरला ०.०३७ युनिटच्या आसपास खर्च येतो. पाचपटीहून जास्त फरक आहे. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि वीज युनिटला १० रुपये धरली, तर जुनीला किलोमीटरमागे २ रुपये ३० पैसे आणि नवीला ३७ पैसे.

शिवाय जुन्या चेतकचे इंजिन दोन धावांचे. त्यात नवे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरते त्याच वेळी जळलेला वायू बाहेर पडत असतो. दोन्ही दारे काही क्षण एकदमच उघडी असतात. त्यामुळे नव्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर निघून जातो. पेट्रोलमध्ये वंगणतेलही मिसळलेले. त्या निळसर धुराचा विशिष्ट वास आमच्या पिढीला आवडतो, मलाही आवडतो. पण तो वास म्हणजे न जळलेले इंधन आहे. आपल्या आठवणीतला सुगंध दुसऱ्याच्या फुप्फुसात जात होता, हे शिक्षकाने तरी लपवू नये.

मग नवी गाडी निर्धूर झाली का? गाडीच्या मागे 'शून्य प्रदूषण' असे लिहिलेले तुम्ही वाचले असेल. इथे जरा थांबा. आपल्या देशात निर्माण होणाऱ्या विजेपैकी सुमारे सत्तर-पंचाहत्तर टक्के वीज कोळशापासून होते. एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वाटेतली गळती धरून आपल्या गाडीच्या वाट्याला किलोमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम येतो. जुन्या चेतकचा आकडा, लिटरला २.३ किलोग्रॅम या हिशेबाने, ५१ ग्रॅम. म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त धूर अजून आहेच, फक्त तो क्रांती चौकात न निघता वीजकेंद्राच्या धुराड्यातून निघतो. आपल्या मराठवाड्यात असे केंद्र परळीला आहे. २०१३ साली दुष्काळात पाणी नाही म्हणून ते बंद ठेवावे लागले होते, हे इथले लोक विसरलेले नाहीत. औष्णिक केंद्राला वाफ थंड करायला पाणी लागते. जे पाणी प्यायला नाही, ते विजेला कोठून आणायचे? तेव्हा शून्य हा शब्द पुसून तिथे 'सुमारे निम्मे' लिहिले तर ते शास्त्राला धरून होईल. उद्या गच्चीवरच्या सौर पट्ट्यांतून गाडी भरू लागलात, तर हा आकडा आणखी खाली येईल. पेट्रोलच्या गाडीत अशी सुधारणा नंतर करता येत नाही.

ब्रेक लावताना मोटर उलट जनित्रासारखी चालून थोडी वीज बॅटरीत परत जाते, याचेही फार कौतुक होते. ताशी ४० ला २०० किलोग्रॅमची गतिज ऊर्जा १२,३०० जूल; ती सगळीच्या सगळी परत मिळाली तरी गाडी जेमतेम दीडशे मीटर पुढे जाईल. सगळी तर मिळतच नाही. सिग्नलच्या रस्त्यावर दिवसभरात काही किलोमीटर वाचतात, बस्स.

इथवर जमाखर्च नव्या गाडीच्या बाजूचा आहे. आता दुसरी बाजू मांडतो, आणि ती मला हलकी वाटत नाही.

जुनी चेतक ३७ वर्षांहून अधिक काळ टिकली, याचे कारण ती बिघडत नसे असे नव्हे. बिघडली तर दुरुस्त करता येत असे. प्लग काढून घासायचा, कार्बोरेटर उघडून जेट फुंकायचे, केबल तुटली तर दुसरी ओवायची. पेट्रोल संपत आले की लोक गाडी एका अंगावर झुकवत, मग किक मारत. टाकीच्या कोपऱ्यात उरलेले पेट्रोल नळाकडे येई आणि कार्बोरेटरमधली पातळी हलून मिश्रण थोडे दाट होई. हे नाव न माहीत असलेले द्रवस्थितिशास्त्रच म्हणायचे! दर गल्लीत एक मिस्त्री असे आणि त्याच्यापाशी डबाभर सुटे भाग. नानांच्या गाडीत आज मूळचे किती भाग उरले आहेत, ते सांगणे कठीण आहे.

नव्या गाडीत फिरणारे भाग फार थोडे, त्यामुळे झिजणारेही थोडे. पण तिचे आयुष्य दोन गोष्टींवर टांगलेले आहे : बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक. लिथियम-आयन बॅटरी वापरली तरी झिजते आणि नुसती ठेवली तरी झिजते. उष्णतेने ही रासायनिक झीज लवकर होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांवर जातो. म्हणून उन्हात तापलेली गाडी आणून लगेच चार्जिंगला लावू नये, तास-दीड तास सावलीत निवू द्यावी आणि रात्री भरावी. बॅटरीची हमी पहिल्यांदा दिली गेली ती तीन वर्षांची किंवा ५०,००० किलोमीटरची. त्यापुढेही ती चालेल, पण वीस वर्षांनी या आकाराची बॅटरी आणि हा नियंत्रक बाजारात असेल का, आणि गल्लीतल्या मिस्त्रीला तो उघडता येईल का? चांगली चालणारी जुनी गाडी घरात असेल आणि रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचाच असेल, तर केवळ पैसे वाचतील म्हणून नवी घेऊ नका. वर्षाला दीड हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाला तीन हजार रुपयेच वाचतात. रोज वीस-पंचवीस किलोमीटर वाळूजला ये-जा करणाऱ्याचे गणित वेगळे आहे. माझे त्याच्या जवळपास येते, म्हणून मी घेतली.

म्हणजे दिसण्यासाठी घेतली नाही, असे मी म्हणू शकतो का? पूर्णपणे नाही. दुकानात त्याच किमतीच्या दुसऱ्याही गाड्या होत्या. मी हिच्याजवळ गेलो, तो या गोलाईमुळे. त्याला मी माझ्या हिशेबात शून्य गुण दिले आहेत, पण खर्च केलाच नाही असे नाही.

गाडी घरी आणली त्या संध्याकाळी नाना काठी टेकत खाली आले. त्यांनी पत्र्यावर टिचकी मारली, मान हलवली. मग मागे जाऊन वाकून पाहिले आणि विचारले, "अरे, हिची स्टेपनी कुठे आहे?" मी त्यांना ट्यूब नसलेल्या टायरविषयी समजावून सांगितले, खिळा गेला तरी त्यात हवा हळूहळू उतरते, हेही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. नंतर जिन्याखालच्या गाडीवरचे फडके त्यांनी नीट करून ठेवले.

त्या बारावीतल्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी वरची आकडेमोड फळ्यावर करून दाखवली. तुम्हीही माझ्या आकड्यांवर विसंबून राहू नका. तुमच्या घरी किंवा शेजारी विजेची स्कूटर असेल, तर आठवडाभर रात्री चार्जिंग लावण्यापूर्वी आणि सकाळी काढल्यावर वीजमीटरचे आकडे लिहून ठेवा. त्या वेळात घरातला पंखा, फ्रिज किती खातो ते एका रात्री गाडी न लावता मोजा आणि वजा करा. किलोमीटर गाडीच पडद्यावर दाखवते. पेट्रोलच्या गाडीसाठी टाकी पूर्ण भरा, आकडा लिहा, पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरा. एक आठवडा सावकाश चालवायला सांगा, दुसरा आठवडा नेहमीप्रमाणे. तुमचा आकडा माझ्या ०.०३७ पेक्षा बराच वेगळा आला, तर आधी टायरमधली हवा तपासा.